एकच खत, निराळे फळ : जमिनीच्या आरंभीच्या स्थितीनुसार खताचा परिणाम कसा मोजावा

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्याच्या शिवारात हिंडणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसून येते. दुधना नदीच्या आसपासची जमीन खोल, काळी व भारी आहे. नदी सोडून माळाकडे चढत गेले म्हणजे तीच जमीन मध्यम होते आणि पुढे हलकी व मुरमाड लागते. एकाच गावात, एकाच पावसावर आणि एकाच दिवशी पेरलेले सोयाबीन या तीन जागी तीन प्रकारचे दिसते. असे असूनही खताची शिफारस मात्र पुष्कळ वेळा एकाच आकड्यात सांगितली जाते. अमुक खत दिल्याने एकरी अमुक किलो उत्पन्न वाढते, असे ऐकून शेतकरी उसनवारी करून खत आणतो. एकाच्या शेतात त्या खताचे पैसे दुपटीतिपटीने परत येतात, तर दुसऱ्याच्या शेतात खताच्या गोण्यांची किंमतही वसूल होत नाही. दुसरा शेतकरी मग कार्यकर्त्यावरचा विश्वास गमावून बसतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

खताचा परिणाम जमिनीच्या आरंभीच्या स्थितीवर अवलंबून आहे काय, असल्यास किती, हे मोजण्याची रीत प्रस्तुत पाठात दिली आहे. ही रीत प्रयोगशाळेतील विद्वानांपुरतीच आहे असे मानण्याचे कारण नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार येणाऱ्या आणि आलेखाच्या कागदावर रेषा ओढू शकणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्यास ती साधण्यासारखी आहे.

सरासरी काय सांगते व काय झाकते

सरासरी हे उपयुक्त साधन आहे. एकूण तालुक्यात खताचा लाभ होतो की नाही, हे तिच्यावरून कळते. परंतु सरासरीइतका लाभ प्रत्येक शेतात होतो, असा तिचा अर्थ कधीही होत नाही. दहा शेतकऱ्यांपैकी पाचांस एकरी दोन क्विंटल लाभ झाला व पाचांस काहीच झाला नाही, तरी सरासरी एक क्विंटलच येते. आणि एक क्विंटल लाभ झालेला शेतकरी त्या गावात एकही नसतो.

असा फरक का पडतो, हे समजण्यास अवघड नाही. पिकास लागणाऱ्या अन्नद्रव्यापैकी काही भाग जमीन स्वतः पुरविते. जमिनीत ज्याची उणीव आहे ते वरून दिले तर पीक त्यास प्रतिसाद देते. जे पुरेसे आहे तेच पुन्हा दिले तर देत नाही. जर्मन शास्त्रज्ञ मित्शरलिख यांनी १९०९ मध्ये हा नियम गणिताच्या रूपाने मांडला. अन्नद्रव्याच्या वाढीव मात्रेने होणारी उत्पन्नवाढ ही, कमाल उत्पन्न गाठण्यास जितकी उणीव राहिली असेल तिच्या प्रमाणात असते, असा त्याचा आशय आहे. म्हणून पेरणीपूर्वी जमिनीत काय होते हे ठाऊक असल्यावाचून खताचे फळ किती मिळेल हे सांगता येत नाही.

उपचार देण्यापूर्वी मोजलेल्या अशा गोष्टीस या पाठात ‘आरंभीची स्थिती’ म्हटले आहे. जमिनीतील उपलब्ध स्फुरद, सेंद्रिय कर्ब, मातीची खोली, पेरणीवेळची ओल, मागील हंगामातील पीक ही तिची उदाहरणे होत. ‘उपचार’ म्हणजे आपण जे मुद्दाम करतो ते, उदाहरणार्थ स्फुरदयुक्त खत देणे.

प्रयोगाची मांडणी

सोयाबीनला स्फुरद दिल्याचा लाभ तपासावयाचा आहे असे समजू. मांडणी पुढीलप्रमाणे करावी.

पहिली गोष्ट, शेते निवडताना केवळ चांगली शेते निवडू नयेत. भारी, मध्यम व हलकी, तसेच स्फुरद कमी व भरपूर असलेली, अशी सर्व प्रकारची शेते प्रयोगात असावीत. सर्व शेते एकाच प्रकारची असतील, तर आरंभीच्या स्थितीचा प्रभाव दिसण्यास वावच राहत नाही.

दुसरी गोष्ट, मातीचा नमुना पेरणीपूर्वी व खत देण्यापूर्वी घ्यावा. शेतात नागमोडी चालत जाऊन ठिकठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत व त्यांच्या कडेची माती काढून एकत्र मिसळावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, व अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची व शेणखताच्या ढिगाखालची माती घेऊ नये.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तीत कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या व बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेण्याची पद्धत ठरविण्यात आली होती. सबब अशा चौकटीवरून मिळालेल्या जुन्या पत्रिकेवरील आकडा शेजाऱ्याच्या शेतातील मातीचा असू शकतो. प्रयोगासाठी त्या शेताचाच नमुना तपासून घेणे आवश्यक आहे. मोजमापात चूक राहिली, तर आरंभीच्या स्थितीचा प्रभाव असतो त्यापेक्षा कमी दिसू लागतो.

तिसरी गोष्ट, प्रत्येक शेतात शेजारी शेजारी १० गुंठ्यांचे दोन तुकडे आखावेत. कोणत्या तुकड्यास स्फुरद द्यावयाचे हे शेतकऱ्याच्या वा कार्यकर्त्याच्या मनावर सोडू नये. नाणे उडवून ठरवावे. मनावर सोडल्यास खत नकळत चांगल्या तुकड्यात जाते आणि जमिनीचा गुण खताच्या खात्यावर जमा होतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील प्रयोगक्षेत्रावर १९१९ पासून काम करणारे रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांत चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याचा जो आग्रह धरला, त्यामागे हेच कारण होते.

चौथी गोष्ट, दोन्ही तुकड्यांत बियाणे, पेरणीचा दिवस, कोळपणी, फवारणी व नत्राची मात्रा सारखी ठेवावी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर गंधकही असते. म्हणून स्फुरद न दिलेल्या तुकड्यास तितकेच गंधक जिप्समच्या रूपाने द्यावे. नाही तर गंधकाचा लाभ स्फुरदाच्या नावे लागेल. काढणीनंतर दोन्ही तुकड्यांची मळणी वेगळी करून वजन काट्यावर घ्यावे. अंदाजाने लिहू नये.

एक उदाहरण

पुढील आकडे रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही गावच्या प्रयोगाचे नाहीत. १२ शेतांत एकरी २४ किलो स्फुरद, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या ३ गोण्या, या प्रमाणात खत दिले असे समजावे. दुसऱ्या स्तंभात पेरणीपूर्वीचा उपलब्ध स्फुरद हेक्टरी किलोमध्ये आहे. तिसऱ्या स्तंभात खताच्या तुकड्याचे उत्पन्न उणे बिनखताच्या तुकड्याचे उत्पन्न, हा फरक एकरी किलोमध्ये आहे.

| शेत | आरंभीचा स्फुरद | खताने पडलेला फरक |
|---|---|---|
| १ | ६ | २०० |
| २ | ७ | १७० |
| ३ | ८ | १८० |
| ४ | ९ | १३० |
| ५ | १२ | १२० |
| ६ | १४ | ९० |
| ७ | १७ | ८० |
| ८ | २१ | ५० |
| ९ | २६ | २० |
| १० | २८ | ४० |
| ११ | ३२ | उणे १० |
| १२ | ३६ | १० |

सर्व शेतांच्या फरकाची बेरीज १०८० व सरासरी ९० किलो येते. खत व ते देण्याची मजुरी मिळून एकरी ४० किलो सोयाबीनच्या किमतीइतका खर्च येतो असे धरू. सरासरीवरून पाहता एकरी ५० किलोंचा निव्वळ लाभ आहे, सबब सर्वांनी खत द्यावे, असा निष्कर्ष निघतो.

आता शेते तीन गटांत विभागू. ऑल्सेन पद्धतीने केलेल्या तपासणीत हेक्टरी १० किलोपेक्षा कमी स्फुरद म्हणजे कमी, १० ते २५ म्हणजे मध्यम व २५ च्या वर म्हणजे भरपूर, अशी ढोबळ विभागणी रूढ आहे. पहिल्या चार शेतांची सरासरी १७० किलो, मधल्या चारांची ८५ किलो व शेवटच्या चारांची १५ किलो येते. खर्चाचे ४० किलो वजा करता पहिल्या गटास एकरी १३० किलोंचा निव्वळ लाभ, मधल्यास ४५ किलोंचा लाभ आणि शेवटच्या गटास २५ किलोंचा तोटा झाला. सरासरीवर विसंबून दिलेली शिफारस या चार शेतकऱ्यांस खड्ड्यात लोटणारी ठरली असती.

रेषा काढण्याची रीत

गट पाडणे सोपे असले तरी त्यात एक उणेपणा आहे. ९ किलो व १२ किलो स्फुरदाची शेते जवळजवळ सारखी असून वेगळ्या गटांत पडतात, तर १२ व २१ किलोंची शेते एकाच गटात बसतात. म्हणून गटांच्या जोडीला आलेख काढावा. आडव्या अक्षावर आरंभीचा स्फुरद व उभ्या अक्षावर फरक मांडून १२ ठिपके द्यावेत. ठिपके डावीकडून उजवीकडे उतरत गेलेले दिसतील. त्यांच्यामधून जाणारी सर्वांत जवळची रेषा पुढीलप्रमाणे काढावी.

आरंभीच्या स्फुरदाची सरासरी १८ व फरकाची सरासरी ९० आहे. प्रत्येक शेतासाठी दोन्ही आकडे आपापल्या सरासरीहून किती अधिक वा उणे आहेत ते लिहावे. पहिल्या शेतासाठी ते उणे १२ व अधिक ११० येतात. या दोन आकड्यांचा गुणाकार करावा व सर्व शेतांच्या गुणाकारांची बेरीज घ्यावी. ती उणे ७६५० येते. नंतर स्फुरदाच्या स्तंभातील अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्यावी. ती ११९२ येते. पहिल्या बेरजेस दुसरीने भागिले असता उणे ६.४ हा रेषेचा उतार मिळतो.

याचा अर्थ असा की, आरंभीचा स्फुरद हेक्टरी १ किलोने अधिक असला म्हणजे खताचा लाभ एकरी सुमारे ६.४ किलोंनी घटतो. लाभ बरोबर खर्चाइतका, म्हणजे ४० किलो, कोठे होतो हेही काढता येते. सरासरी ९० पासून ४० पर्यंत ५० किलोंची घट हवी. ५० ला ६.४ ने भागिले असता ७.८ येतात, ते १८ मध्ये मिळविले की सुमारे २६ होतात. म्हणजे या उदाहरणात आरंभीचा स्फुरद २६ किलोंच्या खाली असेल तर खत परवडते, वर असेल तर परवडत नाही.

या आकड्यास फाजील नेमकेपणा चिकटवू नये. ठिपके रेषेच्या वरखाली विखुरलेले आहेत. हे विखुरणे हिशेबात घेतले असता खरा उतार सुमारे ४.९ ते ७.९ यांच्या दरम्यान असावा असे निघते. म्हणून २६ च्या आसपासच्या शेतांबाबत निर्णय ठामपणे सांगू नये. शिवाय रेषा सरळ आहे, निसर्ग तसा नाही. ३६ किलो स्फुरदाच्या शेतात रेषेप्रमाणे उणे २५ किलोंचा फरक यावयास हवा होता, प्रत्यक्षात १० आला. भरपूर स्फुरदाच्या जमिनीत लाभ शून्याजवळ येऊन थांबतो, हे त्यावरून समजावे. ज्या मर्यादेत शेते तपासली तिच्याबाहेर रेषा कधीही लांबवू नये.

एका शेतात दोन तुकडे शक्य नसतील तर

काही वेळा एका शेतात दोन तुकडे पाडता येत नाहीत. तेव्हा चिठ्ठ्या टाकून निम्म्या शेतांस खत द्यावे व निम्म्यांस देऊ नये. मग आलेखावर आरंभीची स्थिती व उत्पन्न मांडून खताच्या शेतांची एक व बिनखताच्या शेतांची दुसरी, अशा दोन रेषा काढाव्यात. दोन रेषांमधील अंतर म्हणजे त्या त्या स्थितीतील खताचा परिणाम होय. रेषा समांतर असल्या तर परिणाम सर्वत्र सारखा आहे, आणि एकच आकडा सांगणे योग्य ठरते. रेषा एका बाजूस जवळ येत असल्या वा एकमेकींस छेदत असल्या, तर परिणाम आरंभीच्या स्थितीवर अवलंबून आहे, आणि एकच आकडा दिशाभूल करणारा ठरतो. संख्याशास्त्रात या हिशेबास सहप्रचरण विश्लेषण म्हणतात, आणि रेषा समांतर नसण्यास परस्परक्रिया म्हणतात. या मांडणीत शेताशेतांतील फरक मध्ये येतो, म्हणून शेते पुष्कळ अधिक घ्यावी लागतात.

या विषयाची पायवाट महाराष्ट्रातील माणसांनी पूर्वीच घालून दिली आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांस नमुना पाहणीची शास्त्रीय बैठक दिली. डॉ. विनायक गोविंद पानसे व सुखात्मे यांनी मिळून शेती कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि शेतीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

टाळावयाच्या चुका

मागील वर्षाशी तुलना. गेल्या वर्षी ज्यांचा उतारा सर्वांत कमी होता त्यांनाच खत दिले व यंदा उतारा वाढला, म्हणून खत दुबळ्या शेतांस अधिक मानवते असे म्हणणे चूक आहे. गेल्या वर्षीच्या कमी उताऱ्यात काही भाग जमिनीचा व काही दुर्दैवाचा होता. कोठे पाऊस हुकला, कोठे अळी पडली. दुर्दैव दरवर्षी त्याच शेतात येत नाही. त्यामुळे तळचे आकडे खतावाचूनही सरासरीकडे वर येतात व वरचे खाली येतात. बिनखताचा तुकडा शेजारी असल्याशिवाय हा भास ओळखता येत नाही.

नंतर मोजलेल्या गोष्टीवरून गट पाडणे. फुलोऱ्यातील झाडांची उंची, मुळांवरील गाठी वा काढणीवेळची झाडांची संख्या यांवरून गट पाडू नयेत. या गोष्टी खतानेच बदललेल्या असतात. त्या आरंभीची स्थिती नव्हेत.

गट शोधत बसणे. जमिनीचा रंग, बैलजोडी, वाण, पेरणीची तारीख असे वीस प्रकारे गट पाडले, तर एखाद्यात निव्वळ योगायोगाने मोठा फरक दिसणारच. कोणत्या आरंभीच्या स्थितीचा प्रभाव तपासावयाचा हे पेरणीपूर्वीच वहीत लिहून ठेवावे. पुढे सुचलेली कल्पना टाकून देऊ नये. ती पुढील हंगामात तपासण्यासाठी राखून ठेवावी.

अप्रत्यक्ष तुलना. एका गटात लाभ सिद्ध झाला व दुसऱ्यात सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून दोन गटांत फरक आहे असे ठरत नाही. दुसऱ्या गटात शेते थोडी असल्यानेही तसे होऊ शकते. दोन्ही लाभांची वजाबाकी करून तीच तपासावी. वरील उदाहरणात ती १७० उणे १५, म्हणजे १५५ किलो आहे.

खूण म्हणजेच कारण मानणे. खत कोणत्या तुकड्यास जाईल हे नाण्याने ठरले; परंतु कोणत्या शेतात स्फुरद कमी असेल हे कोणी नाण्याने ठरविले नव्हते. कमी स्फुरदाची शेते उथळ, उताराची वा शेणखत न मिळालेलीही असू शकतात. म्हणून मातीतील स्फुरद ही लाभ ओळखण्याची खूण ठरली, तरी फरकाचे कारण तेवढेच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

एकाच शेतात निरनिराळी स्थिती

ही शेवटची अडचण दूर करण्याची एक युक्ती भारतीय शास्त्रज्ञांनी वापरली आहे. १९६७-६८ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने माती परीक्षण व पिकाचा प्रतिसाद यांची सांगड घालणारी अखिल भारतीय योजना सुरू केली. डॉ. बी. राममूर्ती व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये सोनोरा ६४ या गव्हासाठी ठराविक उत्पन्नाच्या उद्दिष्टानुसार खतमात्रा काढण्याची पद्धत मांडली होती. या योजनेच्या प्रयोगांत एकाच शेताचे पट्टे पाडून त्यांस आधीच्या हंगामात खताच्या चढत्या मात्रा देतात व एक पीक घेतात. त्यामुळे माती, खोली, उतार व पाऊस सारखे असूनही पट्ट्यापट्ट्यांची सुपीकता निरनिराळी होते. पुढील हंगामात प्रत्येक पट्ट्यात मुख्य प्रयोग करतात. आरंभीची स्थितीही प्रयोगकर्त्यानेच घडविलेली असल्याने तिचा प्रभाव इतर गोष्टींपासून वेगळा काढता येतो. उद्दिष्टानुसार खतमात्रा काढण्याची समीकरणे अशा प्रयोगांतून तयार झाली आहेत.

शिफारस कशी सांगावी

कार्यकर्त्याने गावसभेत ‘या खताने एकरी ९० किलो वाढ होते’ असे सांगू नये. ‘मातीतील स्फुरद १० च्या खाली असेल तर खत अवश्य द्यावे, २५ च्या वर असेल तर त्या हंगामात ते पैसे बियाण्यावर वा निंदणीवर खर्च करावेत, मधल्या शेतकऱ्यांनी खताचा व मालाचा भाव पाहून ठरवावे’ असे सांगावे. अर्थात हे आकडे त्या भागातील प्रत्यक्ष प्रयोगांवरून व कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने ठरविलेले असावेत. सेलूपासून परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दूर नाही. तेथील तज्ज्ञांकडून मांडणी तपासून घ्यावी. शेतकरी बंधूंनीही खत घेण्यापूर्वी ‘हे कोणत्या जमिनीसाठी सांगता?’ असा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. भाव, पाऊस व वाण बदलले म्हणजे सीमा बदलते, हेही उभयतांनी ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय

१. वरील रेषेनुसार आरंभीचा स्फुरद ११ किलो असलेल्या शेतात किती वाढ अपेक्षित आहे? (उत्तर : एकरी सुमारे १३५ किलो.)

२. खताचा खर्च ४० ऐवजी ६० किलो सोयाबीनइतका झाला, तर खत कोणत्या स्फुरदापर्यंत परवडेल? (उत्तर : हेक्टरी सुमारे २२.७ किलोपर्यंत.)

३. आपल्या गावातील भारी, मध्यम व हलक्या जमिनीची प्रत्येकी चार शेते निवडून, पेरणीपूर्वी कोणत्या गोष्टी मोजाव्या लागतील त्यांची यादी तयार करा.